मॅग्नम रायफलचा ग्रुप पुन्हा पुन्हा पसरतोय? बॅरल बदलायच्या आधी मझल ब्रेक काढून बघा

तक्रार सगळ्यांची साधारण एकच असते. रायफलचा ग्रुप, म्हणजे कागदावर गोळ्यांच्या भोकांचा पसारा, कालपर्यंत १०० मीटरवर पाऊण इंच होता, आता दीड, दोन, कधी अडीच इंच, आणि लोड (काडतुसातली दारू आणि गोळी) तोच, स्कोप तोच, बसायची पद्धत तीच. वही काढून राउंड मोजले तर चारशे, सहाशे, नऊशे असा काहीतरी आकडा निघतो आणि मॅग्नम (जास्त दारूचं काडतूस) म्हटल्यावर लगेच कोणीतरी म्हणतं, बॅरल गेली. माझ्या २८ नॉस्लर या मॅग्नम रायफलवर हे तीनदा झालं. तिन्ही वेळा लक्षण हेच आणि तिन्ही वेळा कारण वेगळं, बॅरल खरंच गेलेली होती ती फक्त तिसऱ्या वेळी. पहिल्या वेळी मी नवीन बॅरलची ऑर्डर द्यायच्या बेतात होतो म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आणि हा नुसता कागदावरच्या भोकांचा प्रश्न नाही. १०० मीटरवर दोन इंच पसरलेला ग्रुप ५०० मीटरवर दहा इंच होतो आणि तिथे समोर जनावर असतं. जखमी होऊन निघून गेलेलं जनावर ही फार वाईट गोष्ट आहे, त्यामुळे रायफलवर शंका असेल तर शंका मिटेपर्यंत ती शिकारीला नेऊ नका, रेंजवरच ठेवा.

काम सुरू करायच्या आधी मॅगझिन बाहेर, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामी, बोल्ट काढून बाजूला. ब्रेक म्हणजे मझल ब्रेक, बॅरलच्या तोंडावर आट्यांनी बसवलेलं भोकांचं नळकांडं, जे गॅस वळवून झटका कमी करतं. त्याच्याशी काहीही करायचं म्हणजे हात बॅरलच्या तोंडापुढे जाणार, त्यामुळे बोल्ट बाहेर ठेवूनच.

पहिल्या वेळी सुमारे ३८० राउंड झाले होते. ग्रुप एकदम पसरला, हळूहळू नाही, एका शनिवारी ठीक आणि पुढच्या शनिवारी दोन इंच. आता मागे वळून बघताना कळतं की हा "एकदम" शब्दच महत्त्वाचा होता. थ्रोट (चेंबरच्या पुढे जिथे बॅरलच्या पिळदार खाचा सुरू होतात तो भाग) झिजते ती हळूहळू झिजते, एका आठवड्यात बॅरल मरत नाही. एकदम बिघडलं की आधी सैल काय झालंय ते शोधायचं. अॅक्शनचे स्क्रू, स्कोपचे बेस, रिंग्ज, सगळं टॉर्क रेंचने तपासलं, ठीक होतं. (ब्रेक लावलेल्या मॅग्नमवर रिंग्ज तपासायच्याच, कारण रायफल आधी मागे येते आणि गॅस ब्रेकवर आदळला की तिला पुढे ओढ बसते, असा दोन्हीकडचा झटका स्कोपला सोसावा लागतो आणि थोडी कमी घट्ट असलेली रिंग सरकते. स्कोपच्या नळीवर रिंगच्या कडेला पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवा, सरकली की दिसतं.) मग ब्रेककडे बघितलं तर त्याला आवळून धरणारा लॉकनट हातानेच फिरला.

ब्रेक काढला आणि आतून टॉर्च मारून बघितलं. पहिल्या बॅफलच्या (ब्रेकच्या आतल्या आडव्या भिंतीच्या) भोकाच्या एका बाजूला चकचकीत ओरखडा होता, तांब्याच्या रंगाची झाक असलेला. गोळी जाता जाता ब्रेकला घासत होती. हे दिसलं की त्या ब्रेकसकट एकही गोळी मारायची नाही, "अजून एक ग्रुप बघू" वगैरे अजिबात नाही, कारण आज घासतेय ती उद्या आदळेल आणि ब्रेकचे तुकडे शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे जातील.

इथे जरा थांबून ब्रेकच्या भोकाचा हिशोब समजून घ्या, कारण बरेच जण हे बघतच नाहीत. ब्रेकचं भोक साधारणपणे गोळीच्या व्यासापेक्षा ०.०२० इंच मोठं ठेवतात. म्हणजे ०.३०८ च्या गोळीला ०.३२८ च्या आसपास. आता ०.०२० मोठं म्हणजे प्रत्येक बाजूला फक्त ०.०१० इंच जागा, पाव मिलिमीटर. ब्रेक तिरका बसला, आटे बोअरला (बॅरलच्या आतल्या भोकाला) समकेंद्री नसले, ब्रेक टेकतो तो खांदा काटकोनात नसला, तर ही पाव मिलिमीटर जागा कधी संपते कळतही नाही. आणि बॅरलचं भोक बाहेरच्या गोलाईच्या बरोबर मध्यभागी असेलच असं नसतं, लांब ड्रिल थोडी भरकटतेच, म्हणून आटे पाडताना लेथवर बॅरलची बाहेरची बाजू सेंटर न करता तोंडाजवळचं बोअर सेंटर करावं लागतं. गनस्मिथला हा एक प्रश्न आधीच विचारा, आटे कशाच्या आधाराने पाडणार? उत्तर "बोअरच्या" असं नसेल तर दुसरा गनस्मिथ बघा. मी हे पहिल्यांदा विचारलं नव्हतं.

तपासायची सोपी पद्धत म्हणजे अलाइनमेंट रॉड. बोअरमध्ये घट्ट जाणारा सरळ घासलेला रॉड ब्रेकमधून आत सरकवायचा आणि समोरून बघायचं, रॉडभोवतीची फट सगळीकडून सारखी दिसली पाहिजे. रॉड नसेल तर काजळी वाचा. पंचवीस-तीस राउंडनंतर ब्रेक काढून क्राउन (बॅरलच्या तोंडाची कड) बघितला तर काजळीचा ठसा फुलाच्या पाकळ्यांसारखा सारखा उमटलेला असतो, एक बाजू काळी आणि दुसरी बाजू धुतल्यासारखी साफ असेल तर क्राउनला कुठेतरी टवका आहे. ब्रेकच्या बॅफलवरची काजळी एका बाजूला झुकलेली असेल तर ब्रेक तिरका आहे. क्राउनच्या कडेवर कापसाचा बोळा हलकेच फिरवायचा, धागे अडकले की तिथे बर (धातूची बारीक कुस) आहे.

ब्रेकची भोकं योग्य दिशेला आणायला काही जण क्रश वॉशर (आवळल्यावर दबणारी चकती) लावतात. लांब पल्ल्याच्या रायफलवर मला तो अजिबात पटत नाही, तो दबतो तेव्हा सगळीकडून सारखा दबेल याची खात्री नाही आणि ब्रेकला एका बाजूला ढकलतो. शिम (पातळ चकत्या) वापरा नाहीतर लॉकनटवाला ब्रेक घ्या. टॉर्क ब्रेक बनवणाऱ्याने सांगितला असेल तेवढाच, साधारण २० ते ३० फूट-पौंड, आणि सडपातळ बॅरलवर त्यातला कमीच, कारण आटे पाडल्यावर तिथे भिंत आधीच पातळ झालेली असते आणि जास्त आवळलं तर क्राउनजवळचं बोअर ताणलं जातं, आणि अचूकतेसाठी सगळ्यात नाजूक जागा नेमकी तीच. निळा थ्रेडलॉकर (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव) इथे टिकत नाही, १५० अंश सेल्सिअसच्या आसपास तो ढिला पडतो आणि मॅग्नमचा ब्रेक तेवढा सहज तापतो. माझा नट त्यामुळेच सुटला होता. रॉकसेट हा सिरॅमिक प्रकारचा थ्रेडलॉकर आहे, उष्णतेला दाद देत नाही पण पाण्यात मऊ होतो, ब्रेक काढायचा असेल तेव्हा रायफलचं तोंड खाली करून ब्रेक रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा की पान्याने सुटतो.

मग खरी चाचणी. ब्रेक काढा, थ्रेड प्रोटेक्टर (आट्यांवरची टोपी) लावा, आणि पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप मारा, मध्ये बॅरल पूर्ण थंड होऊ द्या. झटका जवळपास दुप्पट वाटेल, त्यामुळे डोळा स्कोपपासून नीट अंतरावर ठेवा, ब्रेकची सवय झालेल्या माणसाच्या भुवईवर स्कोपची कड बसते ती अशाच वेळी. गोळ्या कागदावर वेगळ्या जागी पडतील, तोंडावरचं वजन गेलं की झिरो (स्कोपचा जुळवलेला नेम) हलतोच, त्याकडे लक्ष देऊ नका, फक्त ग्रुपचा आकार बघा. ब्रेकशिवाय ग्रुप परत लहान झाला तर दोष ब्रेकचा किंवा त्याच्या बसवणीचा. माझा झाला, पाऊण इंच परत. आटे आणि खांदा दुसऱ्याकडून बोअरच्या आधाराने दुरुस्त करून घेतले, ब्रेक बदलला.

दुसऱ्या वेळी, साधारण ५६० राउंडच्या सुमारास, परत तेच. अनुभव होता म्हणून लगेच ब्रेक काढला, पण या वेळी ब्रेकशिवायही ग्रुप तसाच पसरलेला. इथे क्रोनोग्राफने (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) वाचवलं. माझा लोड सरासरी ३०४० एफपीएस (फूट प्रति सेकंद) द्यायचा तो ३०९० च्या वर गेला होता, आणि दोन-तीन पुंगळ्यांवर बोल्ट जड उचलला जात होता, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत ठसा. लोडमध्ये काहीही बदल नसताना वेग वाढतो म्हणजे दाब वाढतोय, आणि दाब वाढतोय म्हणजे गोळी कुठेतरी अडतेय. तिथेच थांबलो.

ही कार्बन रिंग. पुंगळीचं तोंड जिथे संपतं आणि थ्रोट सुरू होते तिथे छोटी गॅप असते, त्या खाचेत काजळी साठते, प्रत्येक गोळीच्या उष्णतेने भाजली जाते आणि शेवटी कडक चिनी मातीसारखी होते. साध्या सॉल्व्हंटचे पॅच वरून फिरतात, पांढरे बाहेर येतात, आणि माणूस समजतो बॅरल साफ आहे. मीही दर वेळी बॅरल साफ करूनच ठेवत होतो. पुंगळ्या गरजेपेक्षा जास्त कापून आखूड केल्या की ती गॅप मोठी होते आणि रिंग लवकर तयार होते, मॅग्नममध्ये दारूच इतकी जळते की शंभर-दीडशे राउंडमध्येसुद्धा होऊ शकते. बोअरस्कोप (बॅरलच्या आत बघायचा बारीक कॅमेरा) असेल तर थेट दिसते, काळं, खडबडीत कडं.

काढायची पद्धत: बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावा, ब्रश कार्बन सॉल्व्हंटमध्ये भिजवून फक्त चेंबरच्या गळ्यापाशी आणि थ्रोटच्या सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं भिजत ठेवा, मग ब्रश तिथल्या तिथे गोल फिरवा, पूर्ण बॅरलभर नाही. तरीही राहिली तर सौम्य पॉलिशिंग पेस्ट पॅचला लावून तेवढ्याच जागेत मोजके स्ट्रोक, बघा, परत मोजके स्ट्रोक. पेस्ट घेऊन अर्धा तास घासत बसू नका, राइफलिंगच्या (बॅरलमधल्या पिळदार खाचांच्या) कडा तुम्हीच गोल करून ठेवाल. शेवटी चेंबर कोरडी, तेल आणि पेस्टचा कण राहू द्यायचा नाही.

आणि साफसफाईच्या वेळी ब्रेक काढलेलाच असू द्या. बऱ्याच जणांना तो कंटाळा येतो म्हणून ब्रेक तसाच ठेवून रॉड आत घालतात, मग पॅच ब्रेकमध्ये पडतो, विरघळलेलं तांबं आणि काजळीचा चिखल ब्रेकच्या भोकांत साठतो, आणि ब्रश बाहेर येऊन परत आत ओढताना क्राउनच्या कडेवर आपटतो. शंभर वेळा असं झालं की क्राउन बिघडला आणि परत तीच तक्रार.

रिंग गेल्यावर वेग परत ३०४० वर आला आणि ग्रुपही.

तिसरी वेळ ९४० च्या आसपास. या वेळी सगळं हळूहळू झालं, दोनशे राउंडमध्ये थोडं थोडं. पाऊण इंचाचा एक इंच, मग सव्वा, मग दीड, आणि मध्येच एखादी गोळी कारण नसताना बाहेर. क्रोनोग्राफवर वेग उलट कमी होत गेला, ३०४० वरून २९८० पर्यंत, तोच लोड. कार्बन रिंगमध्ये वेग वाढतो आणि थ्रोट झिजली की कमी होतो, हा फरक कुठेतरी लिहूनच ठेवा, निम्मं निदान तिथेच होतं.

थ्रोटची झीज मोजता येते. कंपॅरेटर आणि चेंबर गेज ही लांबी मोजायची साधनं घेऊन, एकाच जातीची एकच गोळी राखून ठेवून, ती राइफलिंगला टेकते ती लांबी नव्या बॅरलवर मोजून लिहून ठेवायची आणि दर शंभर राउंडला परत मोजायची. माझ्या बॅरलमध्ये दर शंभरामागे साधारण ०.००७ इंच पुढे सरकत होती. काही काळ गोळी पुंगळीत थोडी बाहेर बसवून मागोमाग जाता येतं, पण कधीतरी मॅगझिनची लांबी संपते किंवा पुंगळीच्या गळ्याला धरायला गोळी पुरेशी आत उरत नाही. बोअरस्कोपमध्ये थ्रोटच्या पुढे तीन-चार इंचांपर्यंत सुकलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा भेगा दिसत होत्या. नुसत्या भेगा दिसल्या म्हणून बॅरल फेकू नका, त्या शंभर-दोनशे राउंडनंतरही दिसायला लागतात आणि अशा बॅरल छान मारतात. कागदावरचा ग्रुप, वेग आणि मोजलेली लांबी, तिन्ही एकाच दिशेने बोलायला लागले की मग मानायचं.

हे होतं कशाने? लोक म्हणतात दाबामुळे, पण .३०८ विंचेस्टर या साध्या काडतुसाचा कमाल दाब ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा ६४,०००, फरक नगण्य. खरा फरक दारूत आहे. .३०८ मध्ये साधारण ४४ ग्रेन (दारूच्या वजनाचं माप), .३०० विन मॅगमध्ये ७० ते ७७, आणि २८ नॉस्लरमध्ये ८० च्या आसपास, तीही .२८४ च्या बारीक भोकातून. भोकाच्या क्षेत्रफळाने भागलं तर २८ नॉस्लरमध्ये दर चौरस इंचामागे .३०८ च्या दुपटीहून जास्त दारू जाते. त्या गॅसचं तापमान स्टील वितळतं त्याच्या बरंच वर असतं, फक्त वेळ इतका कमी की वरचा अगदी पातळ थरच भाजला जातो, गॅसमधला कार्बन त्यात शिरतो, तो ठिसूळ होतो, तडकतो आणि पुढच्या गोळीबरोबर उडून जातो. गोळी बॅरलमध्ये असते साधारण दीड मिलिसेकंद. १५०० राउंड मारलेली बॅरल प्रत्यक्षात जेमतेम दोन-सव्वादोन सेकंद काम केलेली असते. म्हणून मॅग्नमच्या बॅरलकडून .३०८ सारखे पाच हजार राउंड मागू नका, .३०० विन मॅगला दीड-दोन हजार चांगले, आणि .२६४ विंचेस्टर मॅग्नम किंवा २८ नॉस्लरसारख्यांना हजाराच्या आसपास.

आता ब्रेकचा यात हात काय? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, ब्रेक लावल्याने बॅरल लवकर झिजते का. थेट नाही. झीज होते चेंबरच्या टोकाला, ब्रेक आहे दुसऱ्या टोकाला, आणि गॅस ब्रेकपर्यंत पोचतो तोवर गोळी बॅरल सोडून गेलेली असते. पण ब्रेकने झटका निम्म्याच्या आसपास येतो, आणि तिथेच गंमत बदलते. ब्रेक नसताना मॅग्नमच्या आठ-दहा गोळ्यांनंतर खांदा स्वतःच थांबवायचा. ब्रेक लावल्यावर एका बसणीला चाळीस गोळ्या जातात, त्याही भराभर, बॅरल हात लावता येणार नाही इतकी तापलेली, आणि गरम बॅरलवर मारलेली प्रत्येक गोळी थंड बॅरलवरच्या गोळीपेक्षा जास्त खाते. माझ्या पहिल्या चारशे गोळ्या अशाच गेल्या आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण त्यातल्या निम्म्या मी .२२३ या लहान काडतुसाच्या रायफलवर मारायला हव्या होत्या, वारा वाचायचा सराव तिच्यावर होतो.

आता माझा नियम असा आहे की तीन गोळ्या, मग बोल्ट उघडा ठेवून रायफल उभी, आणि बॅरल तोंडाजवळ व चेंबरपुढे दोन्हीकडे हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं. कार्बन फायबर गुंडाळलेली बॅरल असेल तर हातावर विश्वास ठेवू नका, बाहेरचं आवरण गार लागतं आणि आतली पातळ स्टीलची नळी तापलेलीच असते, तिथे घड्याळ लावा. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस भरून नेम धरत बसू नका, दारू तापते आणि ती गोळी वर जाते, "मधूनच एक गोळी वर" ही तक्रार कित्येकदा एवढ्यानेच मिटते. शिवाय एक-दोन ग्रेन दारू कमी केली तर तीस-चाळीस एफपीएस जातील, जनावराला तो फरक कळत नाही, थ्रोटला कळतो.

कान. ब्रेक आवाज मागे आणि बाजूला फेकतो, मॅग्नमवर तो १६० डेसिबलच्या वर जातो, आणि १४० च्या वरचा एकच धडाका कानाला कायमची इजा करू शकतो. प्लग आणि वरून मफ, दोन्ही, रेंजवर नेहमी. शिकारीत निदान इलेक्ट्रॉनिक मफ, आणि बाजूला बसलेल्या माणसाने कान झाकलेत हे बघितल्याशिवाय चाप ओढायचा नाही, त्याच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त आवाज जातो. शिकारीला ब्रेक काढून थ्रेड प्रोटेक्टर लावून जायचं असेल तर चालेल, पण मग झिरो तसाच करून जा.

बॅरल शेवटी बदलली. मागून एक इंच कापून परत चेंबर करून घ्यायचा पर्याय होता, पण भेगा चार इंचांपर्यंत गेल्या असताना एक इंच कापून खराब भागातच नवीन चेंबर होणार होती, म्हणून नको म्हटलं. नव्या बॅरलवर जुना ब्रेक सरळ बसत नाही, आटे वेगळ्या जागी थांबतात, शिम नव्याने मोजून लावावे लागले.

गनस्मिथकडे जायची वेळ आलीच तर वहीत एवढं लिहून न्या: एकूण राउंड, लोडचा सुरुवातीचा आणि आत्ताचा वेग, राइफलिंगपर्यंतची लांबी तेव्हाची आणि आताची, ब्रेकसकट आणि ब्रेकशिवाय पाच गोळ्यांचे ग्रुप, आणि बिघाड एकदम झाला की हळूहळू. ब्रेकही बरोबर न्या, न धुता, त्याच्यावरची काजळी त्याला बघायची असते.